नावेचा उतार आणि सुईण आजी

नदीकाठी नोकरी केली की किस्से गाळासारखे साठतात. एक उपसावा तर खाली दुसरा असतोच! बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी मी सांगलीकडं कृष्णाकाठच्या एका गावात ओव्हरसियर होतो. आमच्या काठाला जुना घाट होता, पलीकडं नुसता चिखल. तिथं नावेसाठी दगडी उतार बांधायचा होता आणि जागा मी ठरवायची होती.

*

पहिल्या दिवशी पलीकडं पाण्याच्या कडेनं खुंट्या ठोकल्या. सकाळी बघतो तर एकही नाही! मी नावाडी तात्यांना म्हटलं, "खुंट्या चोरीला गेल्या!"

"चोरीला न्हाईत सायेब, आंगुळीला गेल्यात. धरणाचं पाणी सोडलंय वरनं. सांच्याला येतील भायेर."

आणि खरंच, संध्याकाळी सगळ्या हजर!

*

मग खुंट्या वर सरकवल्या. डेप्युटी साहेब पाहणीला आले. नावेतूनच म्हणाले, "हे हिरवं मार्किंग कसलं?"

जवळ गेलो तर बायकांनी खुंट्यांना दोरी बांधून लुगडी वाळत घातली होती!

*

साहेबांना पलीकडच्या देवळासमोरची जागा पसंत. "नकाशात इथं काठ सरळ आहे," म्हणत ते स्वतः उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पाय निघाला, बूट आतच राहिला!

तात्यांनी विचारलं, "सायेब, नकाशात चिखल दावत न्हाईत व्हय?"

साहेब मोठ्या मनाचे. हसून म्हणाले, "नावाडी म्हणेल तिथं बांधा!"

*

तात्या म्हणाले, "मला नगं, आजीला इचारा."

आजी म्हणजे आमच्या काठची सुईण. पलीकडच्या चिखलात एकदा पडली, गुडघा दुखावला, तेव्हापासून नावेत बसेना. पलीकडच्या बायकांचे फार हाल व्हायचे. त्यात माझी बायको पलीकडंच माहेरी, सातवा महिना! पुलावरून फिरून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. मी ऑफिसात बोललो नव्हतो, पण तात्यांना ठाऊक होतं.

त्यांनी कशीबशी आजीची समजूत घातली आणि तिला तीन ठिकाणी उतरवून बघितलं. दोन ठिकाणी तिनं तात्यांचा खांदा धरला. तिसऱ्या ठिकाणी, लुगडी वाळायची तिथं, कुणालाही न धरता चढून गेली. वरून ओरडली, "हितं मार रं खुंटी!"

*

उतार बांधून आठ दिवस झाले नाहीत तोच पलीकडून निरोप आला, बायकोला कळा सुरू झाल्या. तात्यांनी मला आणि आजीला घेऊन नाव हाणली. मी आधी उडी मारून आजीपुढं हात केला.

"हात काढ, वाट अडवू नगंस!" म्हणत ती भराभर चढून गेली.

मुलगी झाली, दोघी सुखरूप. आजीचे आणि तात्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

*

सव्वा महिन्यानं आजीला सोबत घेऊन मायलेकींना आणायला गेलो. एवढ्याशा जिवाला धरायची मला भीती, म्हणून तोवर लेकीला हातात घेतलंच नव्हतं. मी नावेत उभा. आजी तिला घेऊन उतारावरून खाली आली. मी घाईघाईनं हात मागं घेतले.

"आता का मागं? कर की हात फुडं!" आजी म्हणाली, आणि पोरीला माझ्या हातांवर ठेवून एकटीच नावेत चढली.