डाव्या हाताने चालणारी मशीन

माझ्या बायकोला लकवा मारला तो उन्हाळ्याच्या तोंडी. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिचा उजवा हात आणि उजवा पाय नावालाच उरले होते. बोलणं जड झालं होतं, पण डोकं साफ होतं. आमच्या कारंज्याच्या घरात झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत. जिना चढणं तिच्या आवाक्यात राहिलं नव्हतं, म्हणून बैठकीत भिंतीला लागून तिच्यासाठी कॉट टाकली. कॉटवर मात्र ती रात्रीपुरतीच पडायची. दिवसभर सोफ्यावर बसून असायची, आणि सोफ्याच्या बरोबर समोर जिना येतो.

त्या जिन्यावर आमचा कुत्रा झोपतो. पांढरा, झुपकेदार शेपटीचा. मुलाने घरून काम करायच्या दिवसांत तो पुण्याहून आणला आणि ऑफिस सुरू झाल्यावर आमच्याकडे ठेवून गेला. बायकोने त्याला जे नाव दिलं ते आमच्या नात्यातल्या एका माणसाचंही आहे, म्हणून इथे लिहीत नाही. आमच्याकडच्या उन्हात त्याचे केस असे गळतात की जणू घरात कोणी रोज एक उशी फाडतं. पायऱ्यांवर केस, पडद्यांच्या काठांना केस, कुलरच्या जाळीला केस. सगळ्यात जास्त सोफ्यावर, कारण सोफा गर्द लाल मखमलीचा. तो तिनेच पसंत केला होता. त्या वेळी घरात कुत्रा नव्हता.

ती धडधाकट असताना हे केस मला कधी दिसलेच नव्हते. सकाळी मी शाळेत कारकुनीला जायचो, संध्याकाळी यायचो, तेव्हा सोफा लाल असायचा. ती हात ओला करून मखमलीवरून एकाच दिशेने फिरवायची, केसांच्या वळ्या करायची आणि पदराआड घेऊन बाहेर टाकायची. आता मी निवृत्त झालो होतो, आणि सोफा पांढरट दिसू लागला होता.

भांडी आणि झाडू-फरशीला एक बाई येतात. कामरगावच्या आहेत, लग्न होऊन इकडे आल्या. त्यांना मी पायऱ्यांचं विचारलं, तर त्या सरळ म्हणाल्या, "काका, पायऱ्या माह्या कामाच्या बोलीत नाईत. अन् कुत्र्याचे केस उडून माह्या नाकात जातात. खालचं मी करून देतो, वरचं तुमी पाहा."

त्यांचंही चुकीचं नव्हतं. मग मी पाहू लागलो. सकाळी तिला उठवणं, तोंड धुवून देणं, संडासाला नेणं, चहा, गोळ्या, न्याहारी, आणि मग जिना. वरच्या पायरीपासून झाडत खाली यायचं म्हटलं तर केस झाडूच्या आधी उडायचे आणि मी झाडलेल्या पायरीवर परत जाऊन बसायचे. पंखा बंद केला तर ती घामाने भिजायची. वाकून वाकून माझी कंबर धरायची. खालून तिचा जड आवाज यायचा.

"कोपऱ्यात राह्यलं."

"दिसते मले."

"मंग काढत काऊन नाई?"

मी काढायचो. या बोलण्याचा राग येण्याइतकीही ताकद माझ्यात उरत नसे. दुपारी तिच्या शेजारी बसलो की माझ्या पँटीला केस चिकटायचे आणि ती डाव्या हाताने एकेक केस उचलायची. अर्धा तास त्यात जायचा. कपाळावर आठी, ओठ वाकडा, आणि चिमटीत एक केस. मला ते पाहवत नसे, म्हणून मी वर्तमानपत्र उघडून धरायचो.

जऊळक्याहून तिचा भाऊ भेटायला आला तेव्हा त्याने घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भाऊजी, कुत्रं मी घेऊन जातो वावरात. तिथं मोकळं राहीन. तुमाले एवढा तरास कायले?"

मी लगेच हो म्हणणार होतो. मनातल्या मनात म्हणूनही टाकलं होतं. पण तिने कुत्र्याला हाक मारली. तो येऊन तिच्या पायाशी बसला, तसा तिने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि त्याच्या पाठीवर ठेवला. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं की मेलेल्या हाताची बोटं उघडत-मिटत राहा, हाताला काहीतरी लागत राहू द्या. त्यांनी त्यासाठी मऊ रबरी चेंडू दिला होता. चेंडू टीव्हीच्या मागे पडलेला होता. ती बोटं कुत्र्याच्या केसांत घालायची आणि मूठ मिटायचा प्रयत्न करायची. कधी मिटायची, कधी नाही. जितकी मिटायची तितके केस निघून यायचे.

"याच्या पाठीवर मले गरम लागते," ती भावाला म्हणाली. "दुसरं काई लागत नाई त्या हाताले."

भाऊ चहा पिऊन एकटाच परत गेला.

मुलाला मी फोनवर केसांचं सांगितलं. तो म्हणाला, बाबा, केस ओढून घेणारी व्हॅक्यूमची मशीन घ्या. दोन-तीन दिवसांत खोकं आलं. आत गोल, चपटी, आपोआप फिरणारी मशीन होती. बटण दाबलं की ती फरशीवर कासवासारखी चालू लागायची. कुत्रा भुंकून भुंकून बेजार झाला. कामवाल्या बाई भांडी टाकून बाहेर आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हंजे माह्यं काम गेलं काय?" मी त्यांना समजावलं की तसं नाही. पण मशीन जे करत होती ते त्यांचंच काम होतं. फरशीचा प्रश्न आम्हाला नव्हताच. पहिल्या पायरीशी येऊन मशीन थबकली, वळली आणि परत गेली. बायकोच्या चालायच्या चौपायी काठीत अडकून तिथेच गुरगुरत राहिली.

"इले जिना चढता येत नाई," बायको म्हणाली. "माह्यासारखी हाय."

खोकं परत पाठवलं. त्यानंतर मुलगा मला रोज कसलेकसले व्हिडिओ पाठवू लागला. एकात म्हणत ताकद पाहा, दुसऱ्यात म्हणत पिशवीची घेऊ नका, तिसऱ्यात म्हणत बिनतारेची घ्या, चौथा म्हणे बिनतारेची बॅटरी वर्षभरात बसते. पायऱ्यांना वेगळा ब्रश, सोफ्याला वेगळा, केसांना फिरणारा. मी ते व्हिडिओ स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत पाहायचो आणि शेवटी काय ऐकलं ते आठवायचं नाही. कोणी तरी येऊन फक्त सांगावं की हीच घ्या, असं वाटायचं.

शेवटी मी बाजारातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो. मिक्सर, कुलर, इस्त्री, सगळं आम्ही त्याच दुकानातून घेतलेलं. दुकानदार माझ्याच वयाचे. वडलांच्या काळापासून त्यांचं पंखे दुरुस्तीचं काम, आता मुलगे मोठं दुकान सांभाळतात. कुलरच्या गर्दीतून त्यांनी एक चाकांची, लांब नळीची मोठी मशीन काढून दिली. "ताकद पायजे तर हेच," ते म्हणाले. "घरी लावून पाहा. नाई जमलं तर वापस आणा, माही जिम्मेदारी."

ती मशीन मी दुसऱ्या दिवशी सकाळी लावली. सोफ्यावर तिने खरोखर काम केलं. मखमलीवर लाल पट्टा उमटला तेव्हा बायको मान पुढे करून पाहत राहिली. मग मी जिन्याकडे वळलो. आमच्या पायऱ्या अरुंद. त्यावर त्या मशीनला बसायला जागाच नाही. म्हणून एका हातात तिचं धूड धरलं, दुसऱ्या हातात नळी, आणि वायर खांद्यावर टाकली. निम्म्या जिन्यावर वायर ताणली गेली. मी ओढायला गेलो आणि मशीन हातातून सुटली. ती धाडधाड खाली गेली. मी कठडा धरला म्हणून वाचलो, पण ढुंगणावर बसलोच.

आणि मी बघितलं तर ती उभी होती.

सोफ्यापासून वेगळी, काठी न धरता, दोन्ही पायांवर उभी. तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसता आवाज निघत होता. तिने एक पाऊल टाकलं, निदान टाकायला पाहिलं, आणि उजवा पाय दुमडून ती आहे तिथेच खाली बसली, मग आडवी झाली. मी कसा खाली आलो ते मला आठवत नाही. मशीन तशीच सुरू होती आणि तिच्या आवाजात मी बायकोचं डोकं मांडीवर घेऊन विचारत होतो, कुठे लागलं, कुठे लागलं. कुत्रा आमच्या भोवती फिरत होता.

कोपराला खरचटलं होतं आणि मांडी ठेचली होती. बाकी काही नाही. तिला उचलून सोफ्यावर बसवायला मला शेजारच्यांना हाक मारावी लागली. ते गेल्यावर आम्ही दोघं पाणी पीत बसलो. मी म्हटलं, "तू उभी राह्यली होती."

"तुमी पडले," ती म्हणाली. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "आता मशीन मी पायतो. तुमाले समजत नाई."

मी दुकानदारांना फोन केला. दुपारी ते स्वतः आले, मोठी मशीन गाडीत टाकली आणि दोन बिनतारेच्या, दांड्याच्या मशिनी टेबलावर ठेवल्या. दांडा काढला की दोन्ही मशिनी एका हातात मावतील एवढ्या व्हायच्या. "भाभी, आराम से पाहा," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

मी मशीनची ताकद विचारली, बॅटरी किती चालते ते विचारलं. ती थांबली, माझं होऊ दिलं. मग तिने विचारलं, "बटन दाबून धरावं लागते, का एकदा दाबलं की झालं?"

दुकानदारांनी दोन्ही पाहिल्या. जी जास्त ताकदीची होती तिला बटणाऐवजी बंदुकीसारखा घोडा, तो सतत दाबून धरायचा. दुसरीचं बटण एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. बायकोने पहिली डाव्या हातात घेतली, सोफ्यावर टेकवली आणि घोडा दाबला. थोड्याच वेळात तिचं बोट दमलं आणि मशीन बंद पडली. ती तिने बाजूला ठेवली. दुसरी घेतली. तिचं वजन तोलून पाहिलं, मांडीवर उभी धरून पाहिली.

"कचरा काढून दाखवा," ती म्हणाली.

दुकानदारांनी दोन हातांनी डबा उघडला.

"एका हातानं."

त्यांनी एका हाताने करून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही. मग त्यांनी मशीन आपल्या दोन गुडघ्यांत धरली आणि अंगठ्याने खटका सरकवला, तसा डबा उघडला. "असं जमते, भाभी. पन याची ताकद कमी हाय. सांगून देतो, मागून म्हनू नका."

"ब्रशात केस गुंतले तर?"

"कैचीनं कापा लागतात."

"थे हे करतीन," तिने माझ्याकडे मान केली.

मला पहिली मशीन हवी होती. जिन्यासाठी ती बरी पडली असती, आणि जिना मलाच करायचा होता. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, "सोफा माहा हाय." दुकानदार खाली पाहत होते. त्यांनी दुसऱ्या मशीनचं खोकं माझ्याकडे सरकवलं.

तेव्हापासून सोफा ती करते. सकाळी न्याहारी झाली की मशीन मांडीवर घेते, बटण दाबते आणि आपल्या डाव्या बाजूपासून सुरुवात करते. एका बैठकीत सोफ्याचा एकच भाग होतो. मग हात गळतो, ती मशीन बंद करते आणि डोळे मिटून बसते. दुसरा भाग दुपारी, तिसरा बहुतेक राहतो. स्वतः ज्या जागी बसलेली असते ती जागा तिला करता येत नाही, त्यासाठी तिला उठवून मला कंबरेला धरून उभं करावं लागतं. मी धरून उभा राहतो तेवढ्यात ती वाकून तेवढंही करते. कधी कधी मला वाटतं, मी ते झटक्यात करून टाकलं असतं. पण ते बोलायचं नाही एवढं मला कळतं.

कुत्रा पहिले काही दिवस मशीनचा आवाज आला की स्वयंपाकघरात पळायचा. आता पळत नाही. मशीन बंद झाली की येऊन स्वच्छ केलेल्या भागावर बसतो. ती त्याला काही म्हणत नाही. उजवा हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवते. मूठ आता पहिल्यापेक्षा बरी मिटते. व्यायामवाल्या बाई म्हणतात, एवढं आलं हे खूप आहे. अजून किती येईल ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही आता विचारत नाही.

जिना माझ्याकडेच आहे. ताकद कमी, म्हणून एका पायरीवर ब्रश तीनतीनदा फिरवावा लागतो. डबा लवकर भरतो. उघडला की आत सरकी काढलेल्या कापसासारखा गोळा असतो, तो मी घंटागाडीत टाकतो. ब्रशात गुंतलेले केस कैचीने कापत मी ओट्यावर बसतो तेव्हा त्यात तिचे एक-दोन लांब केसही सापडतात. औषधांनी तिचेही केस गळतात.

परवा ती म्हणाली, "वरच्या खोलीत काय हाल असन?"

ती आजारी पडल्यापासून वर गेलेली नाही. वर तिचं कपाट आहे, शिलाई मशीन आहे, मुलाचा पलंग आहे. मी म्हटलं, बरं आहे सगळं. तिला ते पटलं नाही. म्हणून मशीन चार्ज करून मी वर गेलो. पलंगाखाली, कपाटामागे, शिलाई मशीनच्या पायडलात, सगळीकडे केस. मी एका बाजूने लागलो. निम्म्यातच मशीन गरम झाली आणि बंद पडली. ती थंड होईपर्यंत मी वरच्या पायरीवर टेकलो. तिथून खाली सोफ्याचं टोक आणि तिचे पाय दिसत होते.

"झालं काय?" खालून आवाज आला.

"होऊन राह्यलं," मी म्हटलं आणि तसाच बसून राहिलो.