आजोबांना दिसणारी मेंढरं

लोहाऱ्याच्या स्टँडवर हे आजोबा रोज बसलेले असतात, पण कुठल्याच गाडीत चढत नाहीत. जन्मभर मेंढरं राखली. आता दोन्ही डोळे गेलेत. तरी मधूनच पाय वर घेतात. "जाऊ द्या मेंढरं," म्हणतात. समोर फरशी रिकामी असते.

उमरग्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, हे वेड नाही. डोळ्यांकडून काही येईनासं झालं, की मेंदू आपल्या मनानंच चित्रं दाखवतो.

परवा मी विचारलं, "आज काय दिसलं, आजोबा?"

"मेंढरं. टोपीवाली माणसं. वळख ना पाळख." मग हळूच म्हणाले, "सारं दावतंय डोस्कं. वारलेली कारभारीण तेवढी दावंना."

तेवढ्यात माकणीची गाडी लागली. आजी माहेराहून याच गाडीनं यायच्या. शेवटचा माणूस उतरेपर्यंत आजोबांनी पापणी लवू दिली नाही.