पाठमोरे मास्तर

इंग्रजी वाचून दाखवायला आलेल्या माणसाकडे आमचे मास्तर कधी तोंड करून बसले नाहीत. तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. "नाव-गाव राहू दे. चार ओळी वाच," म्हणायचे आणि चौथी ओळ संपायच्या आत वाचणाऱ्याचं घर सांगायचे. 'स्टेट'ला 'इस्टेट' म्हणणारा बागवानांच्या घरातला, शब्दाच्या शेवटी उकार लावणारा कानडी मुलखाकडचा. स्वतः ते साताऱ्याचे म्हणून सांगत आणि इंग्रजी थेट साहेबासारखं बोलत.

आमच्या संस्थानच्या महाराजांनी कचेरीत आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी जागा ठेवल्या होत्या. पण साहेबापुढे इंग्रजी वाचावं लागे, आणि त्याआधी मास्तरांची चिठ्ठी लागे. मास्तर चिठ्ठीत आमची घरं, म्हणजे जातकुळी, कळवतात, असा सगळ्यांना संशय होता. मलाही होता.

मी उचगावचा. एका वकिलांच्या खिडकीखाली बसून त्यांच्या मुलाचे उच्चार जसेच्या तसे उचलले होते. मास्तरांनी दुसऱ्याच ओळीला थांबवलं.

"ही जीभ वकिलाच्या घरची. तुझी कुठं ठेवलीस?"

मग दोन महिने माझ्याच उच्चारांत, फक्त सावकाश वाचायला लावलं. "उसनी जीभ ऐन वेळी निसटते," म्हणायचे. हा माणूस मला मुद्दाम गावंढळ ठेवतोय, अशी माझी खात्री झाली. साहेबापुढे मी अडखळलो नाही, नोकरी लागली, तरी मनातली अढी पुरती गेली नाही.

पण मास्तरांकडे जात राहिलो. इतरांचं वाचन ऐकवून ते मलाही घर ओळखायला लावत. त्यांच्या शेवटच्या आजारात मी वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. तापाच्या भरात त्यांनी ते ओढून घेतलं आणि स्वतः वाचू लागले. मी चरकलो. आमच्या कचेरीत पेठ वडगावचा, कातडी कमावणाऱ्यांच्या आळीतला एक कारकून होता. मास्तरांच्या तोंडी त्याचाच हेल, तेच तुटके शेवट.

मास्तर थांबले. "ऐकलंस?"

"व्हय."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. इतकी वर्षं मी त्यांच्यावर संशय घेत होतो, आणि ते बिचारे आम्हा सगळ्यांनाच भीत होते. मला माझीच लाज वाटली.

दोन दिवसांनी ते गेले. तिरडी बांधून झाली, तेव्हा घरमालक आडवे आले.

"साताऱ्याचं एक बी माणूस आलं न्हाय. मास्तर नक्की कुठलं? तुमाला त्यांचा कान हाय, तुमीच सांगा. त्याबिगर आमी खांदा देणार न्हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"साताऱ्याचं," मी म्हणालो. "मी सोता ऐकलंय की."

हे बोलताना माझं तोंड भिंतीकडे होतं.