सुरी वहिनींनी आणली होती

शालनवहिनी. हे नाव आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढं माघार घेता येणार नाही. माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा लष्करात होता, तिकडंच अपघातात गेला, आणि त्यानंतर मला शिकवलं ते ह्या बाईनं. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून कुणी माझं कौतुक केलं की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला? तिथं काय दडलंय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुमच्यापाशी पहिल्यांदा बोलतोय.

मेढ्याच्या वर, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. मी साताऱ्याला कॉलेजात असताना वहिनी पहाटे भाकऱ्या थापून डबा एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायच्या आणि मी स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचो. भाकरी, खरडा, कधी घेवड्याची आमटी. घाटात दरड कोसळून गाडी अडली, तरच डबा चुकायचा. त्या डब्यावर मी बी.एस्सी. झालो — प्राणिशास्त्र घेऊन.

भुईमूग भरायला लागला की रानडुकरं खाली उतरायची आणि एका रात्रीत वावर उकरून ठेवायची. मग गावातले पुरुष हाका घालायचे. आरडाओरडा करून, कुत्री सोडून रान उठवायचं आणि भाले घेऊन डुकराच्या वाटेवर दबा धरायचा. कायद्यानं शिकारीला बंदी होती. सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे जायचे. मीही जायचो. वहिनींचं वावर अगदी रानाला टेकलेलं, त्यामुळं हाका आधी तिथूनच निघायचा.

शिकार सोलण्याचे आमचे नियम पक्के होते. नर पडला की आधी त्याचे अंड कापून फेकायचे, नाहीतर मटण उग्र वास मारतं. पाला पेटवून केस भाजायचे. मग पोट फाडायचं. कलेजीला चिकटून पित्ताची पिशवी असते, ती फुटू द्यायची नाही. फुटलीच तर तिथंच ओरडून सांगायचं, लागलेला भाग कुत्र्यांना टाकायचा, बाकीचं ओढ्यावर धुवायचं. त्यात कमीपणा नव्हता. हाक्याचे म्होरके नाना, माझे सख्खे चुलते — त्यांच्या हातूनही पित्त फुटलेलं मी पाहिलं होतं.

आणि ह्या शहाण्या नियमांना खेटूनच आणखी एक नियम होता. शिकारीवर बाईची सावली पडायची नाही. त्यातून ती विधवा असली तर मटण बाटलंच म्हणून समजा.

त्या वर्षी मी दसऱ्याला घरी आलो होतो. वहिनींच्या बांधाजवळ मोठा नर पडला. पोट फाडायच्या वेळी नानांच्या सुरीची मूठ निखळली. कुणीतरी म्हणालं, ह्या शिकलेल्याला करू द्या की. नाना हसले, "कॉलेजात बेडूक फाडतोस न्हवं? हे जरा मोठं बेडूक हाय, गड्या." सगळे खिदळले. वहिनी पलीकडं भुईमूग उपटत होत्या. मीच त्यांना हाक मारली — हो, मीच — आणि घरातली सुरी मागितली. त्या धावत गेल्या, घेऊन आल्या, बांधापलीकडूनच हात लांब केला. "घ्या भाऊजी. धार कालच लावलीया, जपून." एवढं बोलून मागं फिरल्या.

जपून. मला दाखवायचं होतं ना, बेडूक फाडणारा काय करू शकतो ते! कलेजी ओढली, सुरी घातली, आणि हिरवट पिवळं पित्त माझ्या बोटांवरून आत ओघळलं. नाना कुत्र्यांना आवरत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. मी ओरडायला हवं होतं. मी पळसाची पानं घेतली, पुसलं, ते तुकडे ढिगात मिसळून टाकले.

का? हसतील म्हणून. ह्याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं. नाही सापडलं.

संध्याकाळी घरोघरी रस्सा कडू झाला. एकेका तुकड्यानं अख्खं पातेलं नासवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर माणसं जमली.

आणि इथं मला राग येतो. आजही येतो. मटण कडू कशानं होतं हे त्या पायऱ्यांवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण पित्त फुटलं का, हे एकानंही विचारलं नाही. ज्यांना डुकराच्या पोटातली नस न् नस पाठ, त्यांना त्या सकाळी काहीच आठवेना? आठवलं ते एवढंच —

"सुरी कुणी आणली रं?"

"वहिनींनी," मी म्हणालो. खरंच होतं ते. खऱ्या शब्दात केवढी लबाडी मावते, ते त्या दिवशी कळलं.

वहिनींना बोलावणं गेलं. कुणी म्हणालं, ती बाहेरची असणार. कुणी म्हणालं, नवऱ्याला खाल्लं, आता शिकारीला खाल्लं. त्या पदर घट्ट धरून पायरीखाली उभ्या होत्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "म्या बांध वलांडला बी न्हाई. भाऊजींना इचारा."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. वहिनींनीही बघितलं — अगदी निर्धास्तपणे. मी त्यांच्या बाजूनं बोलणार ह्यात त्यांना शंकाच नव्हती.

मी म्हणालो, "माझं ध्यान नव्हतं, नाना."

निकाल लागला. वहिनींना शिकारीचा वाटा बंद, आणि त्यांच्या वावरातून हाका घालायचा नाही. पहिली गोष्ट कुणी मनावर घेतली नसती. दुसरीनं त्यांचा भुईमूग गेला. त्या वर्षीचा गेला, पुढच्या वर्षीचाही. एकटी बाई बांधावर तेलाचा पत्र्याचा डबा बडवत बसायची. डुकरं तिला जुमानत नव्हती. शेवटी त्यांनी रानाकडची पट्टी पडीक टाकली. दुसरा डबा, ज्याच्या भाकरीवर मी जगत होतो, तो मात्र गाडीनं येत राहिला.

अजून संपलं नाही. त्याच हिवाळ्यात कॉलेजात वक्तृत्वस्पर्धा झाली. विषय अंधश्रद्धा. मी उभा राहिलो आणि आमच्या गावातल्या एका विधवेवर मटण बाटवल्याचा आळ कसा आला ते सांगितलं. आवाज कापत होता — खरोखरच कापत होता. गावाला मी अडाणी म्हणालो, निर्दय म्हणालो. पित्ताचं शास्त्रीय कारणही दिलं. ते कुणाच्या हातून फुटलं, तेवढं गाळलं. टाळ्या थांबेनात. पहिला आलो. गावाला निर्दय म्हणणारा हा कोण? त्या पायऱ्यांवरची माणसं निदान आपल्या समजुतीशी प्रामाणिक होती. खरं काय ते माहीत असलेला तिथं एकटा मी होतो.

आता सांगलीत हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. परवा फळ्यावर यकृत काढलं, त्याखाली हिरव्या खडूनं पित्ताशय. मुलं वहीत उतरवून घेत होती. मला पुढं शिकवता आलं नाही. घरी आलो, पत्र लिहिलं आणि फाडायची बुद्धी व्हायच्या आत टपालपेटीत टाकलं. ते असं —

"शालनवहिनींस साष्टांग नमस्कार.

दसऱ्याला तुमच्या बांधाजवळ पडलेलं डुक्कर मी फाडलं. पित्त माझ्या हातून फुटलं. ते मी पानांनी पुसून लपवलं. म्हणून मटण कडू झालं. तुम्ही बांध ओलांडला नव्हता. मी बघत होतो. देवळापुढं मी खोटं बोललो.

हेच शब्द नानांना वेगळ्या पत्रात लिहिले आहेत. येत्या रविवारी मी गावी येतोय. त्याच पायऱ्यांवर सगळ्यांसमोर हे तोंडानं सांगेन.

सुरी मी न धुता तुमच्या हातात दिली होती. मुठीत हिरवं पित्त वाळलेलं होतं. ते तुम्ही बघितलंत, घासून काढलंत, त्यानंतर तुम्हाला देवळाकडं बोलावणं आलं. सुट्टी संपवून मी साताऱ्याला परतलो, त्या दिवशीही तुमचा डबा आला. मी तो खाल्ला."