मोठ्या देशाचा बोअर

चहा आला की सर आधी कप मांडायचे. मध्ये माझा मोठा मग, भोवती पाच बारके कप. "हा मोठा देश, हे शेजारी. मोठ्यानं आधी दार उघडावं, मालक, तरच व्यापार चालतो." तोवर मोठ्या देशातला चहा गार व्हायचा.

तारनाक्याच्या आमच्या गल्लीत सहा घरं. सगळ्यात मोठं माझं. सगळ्यात लहान मागचं, ते सरांचं. शेजारी देशांचा आपसातला व्यापार हा त्यांचा शिकवायचा विषय. मी चौथी पास. पण लहान देशाचा आलं भरलेला ट्रक मोठ्याच्या सरहद्दीवर तपासणीच्या नावाखाली कसा कुजतो, ते मला आजही विचारा, सांगतो.

रिटायर झाल्यावर त्यांनी गल्लीची परिषद काढली, थेट देशांसारखी. घर केवढंही असो, मत एकच. ठराव सगळ्यांच्या होकारानं. आणि दोन घरांमधलं भांडण सभेत काढायचं नाही. "नाहीतर परिषद मोडते, मालक."

परिषद मोडली नाही. झालंही काही नाही. दर महिन्याला आम्ही एकमेकांचे आभार मानायचो, मिरची भज्जी खायचो आणि घरी जायचो.

मग मी माझा बोअर आणखी खोल नेला. दोन महिन्यांत सरांचा आटला. का आटला, ते सहाही घरांना ठाऊक होतं. सभेत सगळे दिव्याच्या खांबावर बोलले.

एका दुपारी सर फाटकाशी आले.

"मालक, तुमच्या बोअरवरून मागं एक पाइप मिळाला तर..."

"सभेत मांडा ना, सर."

"दोघांमधलं आहे. मांडता येत नाही."

"असला नियम केला कुणी?"

"मीच की हो!" सर हसले. मीही हसलो आणि ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्यांदा मागतील, तेव्हा देऊ, असं मी ठरवलं होतं. पहिल्याच शब्दाला हो म्हणायला मी काय हलका माणूस आहे? सरांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही. वर्षभर टँकरच्या पाण्यावर काढलं, मग घराला कुलूप लावून दोघं नवरा-बायको पुण्याला लेकीकडे गेले.

यंदा मी त्यांच्या अंगणापर्यंत पाइप टाकला. कुणाला विचारलं नाही. नळ सोडला आणि तिथूनच फोन लावला.

"सर, पाणी आलंय. आवाज येतो का?"

"येतो की. बरं केलंत, मालक. नव्या लोकांची सोय झाली."

घर विकलं, ते मला असं कळलं. नळ मात्र धो धो वाहत होता.