गाडीत अर्थ सांगायचा नाही

यवतमाळहून राळेगावकडे रोज एकाच गाडीने जाणाऱ्या मास्तरांना किस्से जमवावे लागत नाहीत. राठोड सरांच्या गाडीत पायाखालच्या मॅटखाली सोयाबीनचे दाणे साठतात, तसे ते आपोआप साठतात. कोणी सांडले ते सांगता येत नाही, पण मॅट उचलली की निघतातच.

गाडी राठोडांची, ते इतिहास शिकवतात. शेजारी गावंडे सर. शाळेत विज्ञान, घरी कपाशी आणि तूर. मागे मी आणि माझी बायको सुनंदा. मी मराठी, ती गणित. शाळा एकच.

*

आधी गाडीत जुनी हिंदी गाणी लागायची. मग राठोडांची मुलगी बंगळुरूला नोकरीला लागली आणि दर आठवड्याला नवी गाणी पाठवू लागली. तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड. काही नव्या सिनेमांतली. काही तर कुठल्याच सिनेमातली नाहीत. चार पोरं एका खोलीत बसून स्वतःच करतात आणि नेटवर टाकतात, अशी.

"सिनेमाच नाही तं गाणं कायले केलं?" गावंडेंनी विचारलं.

"पोरीनं पाठवलं. ऐकाच लागते," राठोड म्हणाले. "रविवारी फोनवर विचारते."

पहिलं गाणं मल्याळम होतं. एक बाई, एक गिटार, बाकी काही नाही. ती इतकी सावकाश गात होती की गाणं संपेपर्यंत राठोडांनी चौथा गिअर टाकला नाही. मागून एसटीने बराच हॉर्न वाजवला.

रविवारी मुलीने विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

राठोडांनी विचार केला. "आवाज स्पष्ट आहे," ते म्हणाले.

*

दुसऱ्या आठवड्यात गावंडेंनी मोबाइल काढून गाण्याचा अर्थ शोधायला घेतला. सुनंदाने मागून हात लांबवून मोबाइल उलटा केला.

"सर, पिक्चरचा शेवट सांगणाऱ्याले टॉकीजच्या बाहेर काढतात," ती म्हणाली.

तेव्हापासून नियम झाला. गाडीत अर्थ शोधायचा नाही, कोणाला विचारायचा नाही. ज्याने त्याने आपापला लावायचा.

राठोडांची मुलगी लग्नाची होती. त्यांना प्रत्येक गाण्यात लग्न ऐकू येई. गावंडेंच्या तुरीत रानडुकरं शिरत. त्यांना प्रत्येक गाण्यात कोणीतरी जनावर हाकलत असे. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे माझा अर्थ लांबायचा आणि शाळा यायची.

मग एक तेलुगू गाणं आलं. सिनेमातलं नाही. कोरड्या आवाजाचा एक माणूस, हाताने वाजवलेला एक डफ, आणि दोन कडव्यांच्या मधे इतकी मोठी जागा की गाणं संपलं असं वाटून गावंडे बोलायला लागत. सुनंदाने ते परत लावायला सांगितलं. मग रोजच सांगू लागली.

"लग्न आहे," राठोड म्हणाले.

"जनावर," गावंडे म्हणाले.

"कोणीतरी ताट झाकून वाट पाहून राह्यलं," सुनंदा म्हणाली. "जेवायच्या वेळेवर घरी न येणारं माणूस आहे कोणीतरी. मले ओळखू येते."

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. राठोडांनी आरशातून.

*

गॅदरिंगला सुनंदाने आठवीच्या मुलींचा नाच बसवला, एका नव्या तमिळ सिनेमातल्या गाण्यावर. नुसते ढोल आणि बायकांचा खडा आवाज. मुलींनी स्टेज हलवलं.

पाहुणे म्हणून आलेल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, गाण्यातून काय संदेश दिला आहे?"

"स्वच्छता," सुनंदा म्हणाली.

साहेब स्वच्छतेवर बराच वेळ बोलले. पुढच्या वर्षी तेच गाणं मतदार जागृतीला चाललं.

*

एकदा कन्नड मुलांच्या बँडचं गाणं आलं. गिटार मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखी. गावंडेंनी ते कौतुकाने मागून घेतलं, मोठा स्पीकर आणला आणि तुरीच्या धुऱ्यावर, सालदार रात्री राखणीला बसायचा त्या बांधावर, लावून दिला.

आठवड्याने राठोडांनी विचारलं, "गेली का डुकरं?"

"डुकरं आहेत," गावंडे म्हणाले. "सालदार गेला."

*

त्या वर्षी दिवाळीनंतर सुनंदा गेली.

मी परत शाळेत जायला लागलो तेव्हा गाडीत गाणी नव्हती. गावंडे सोयाबीनच्या भावावर बोलत. ते संपले की तुरीच्या भावावर. खिडकीजवळची तिची जागा रिकामी ठेवून मी मधेच बसत होतो.

एक दिवस मी म्हणालो, "राठोड सर, गाणं लावा."

"ब्लूटूथ बिघडलं हो," राठोड म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या मिसेसचा फोन आला आणि गाडीच्या चारही स्पीकरमधून आवाज आला, "येतानी दही आणजा."

येताना दही घेतलं.

*

जूनमध्ये आत्राम मॅडम शाळेत रुजू झाल्या आणि गाडीत आल्या. झरी जामणीकडच्या. मी त्यांना खिडकीची जागा दिली. त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "गाणे नाही का तुमच्या गाडीत?"

राठोडांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी मोबाइलवर बोट टेकवलं आणि जे शेवटचं वाजलं होतं तेच सुरू झालं. डफ, कोरडा आवाज.

दुसऱ्या कडव्याला आत्राम मॅडम हसल्या.

गावंडे मागे वळले. "मॅडम, तुम्हाले तेलुगू येते?"

"आमचा बाजार तेलंगणातलाच आहे, सर. लहानपणापासून येते. यात तो काय म्हणते माहीत आहे का…"

"आमच्या गाडीत अर्थ सांगत नसतात," गावंडे म्हणाले.

"बरं," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर गाणं रोज वाजलं आणि अर्थ रोज माझ्या शेजारी खिडकीजवळ बसून आला. मला तो हवा होता आणि नको होता. सुनंदाने लावलेला अर्थ माझ्याकडे होता. दुसरा आल्यावर तो राहील की नाही, हे कोणाला विचारणार?

पावसाळा असाच गेला.

*

ऑक्टोबरमध्ये राळेगावच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. राठोड आणि गावंडे जॅक कुठे लावायचा यावर भांडत होते. मी आणि आत्राम मॅडम बाभळीखाली उभे होतो. गाडीचं दार उघडं होतं आणि गाणं चालूच होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "काय आहे यात?"

त्यांनी गावंडेंकडे पाहिलं. गावंडे जॅक हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "सांगा. आता गाडीच्या बाहेर आहो आपण."

"एका माणसाची म्हैस हरवली आहे, सर," मॅडम म्हणाल्या. "तो शोधून राह्यला."

"जनावर आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," गावंडे म्हणाले.

"बाई नाही कोणी?" मी विचारलं.

"नाही सर. म्हैसच आहे."

"जेवणाचं काही?"

मॅडमनी थोडं ऐकलं. "हे आत्ताचं कडवं तेच आहे. तो म्हणते, तिच्यासाठी सरकीची ढेप भिजवून ठेवली. सांज झाली. वरून टोपलं झाकून ठेवलं."

राठोडांनी पाना खाली ठेवला.

"सापडते का?" मी विचारलं.

"शेवटी घंटी ऐकू येते त्याले. दिसत नाही."

"मग?"

"मग काही नाही, सर," आत्राम मॅडम म्हणाल्या. "म्युझिक आहे."