काझी सरांची पक्की शाई

काझी सर कुठलीही बाटली हलवल्याशिवाय उघडत नसत. औषधाची असो, तेलाची असो, साध्या पाण्याची असो. स्टाफरूममध्ये डबा खायला बसले की आधी बाटली कानाजवळ नेऊन खळखळ हलवायची, मग झाकण. एकदा आमच्या शाळेत संस्थेचे अध्यक्ष आले होते. शिपाई थंड सोड्याच्या बाटल्या घेऊन आला आणि सरांनी मोठ्या अदबीनं अध्यक्षांची बाटली स्वतः हातात घेतली. मी "सर, नको" म्हणेपर्यंत ती हलवून, उघडूनही झाली होती. सगळा फेस अध्यक्षांच्या जाकिटावर. सर रुमालानं जाकीट पुसत म्हणाले, "माफ करा साहेब, हाताला वाटलं शाई आहे."

ही शाई म्हणजे ॲक्रिलिकची. छोट्या बाटलीत येते, रंग तळाला जाऊन बसतो, म्हणून हलवावी लागते. पोरं तिला 'पक्की शाई' म्हणत. जलरंग वाळल्यावरही ओला कुंचला फिरवून थोडाफार उचलता येतो. ही एकदा वाळली की वर पाणी ओता नाहीतर घासा, जागची हलत नाही. तिच्यावर दुसऱ्या रंगाचा पातळ थर दिला तरी खालचा बिघडत नाही, वरच्यातून दिसत राहतो. सरांचा सगळा जीव ह्या एका गुणावर. "जलरंग म्हणजे लाडावलेलं पोर, मॅडम," ते म्हणायचे, "मनवत बसावं लागतं. ही शाई एकदाच बोलते. सूखी की बात खतम."

मी पिशोरची, कन्नड तालुक्यातल्या गावची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि पहिली म्हणजे बाप्यांसकट पहिली. हे मला कुणी विचारत नाही, तरी मी सांगते. शहरातल्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "पिशोरच्या का? मग शिव्या येत असतील. पोरांवर वापरू नका, संस्थेवर वापरा." सर शहागंजात राहायचे. घरी दखनी, शाळेत मराठी आणि राग आला की दोन्ही. आयुष्यभर शाईत हात घातला, पण अंगातल्या पांढऱ्या शर्टावर कधी ठिपका पाहिला नाही. त्या शर्टाचा त्यांना गर्व होता. त्याहून मोठा गर्व चित्रातल्या माणसाचा. "मी काढलेल्या माणसानं कागदातून हाक मारली पाहिजे," म्हणायचे. कुणी 'ड्रॉइंग मास्तर' म्हटलं की त्यांना ऐकू यायचं बंद व्हायचं.

चुकीच्या बाबतीत मात्र त्यांचं शास्त्र वेगळं होतं. वेरूळला पोरांना चित्रं काढायला नेलं होतं, सोबत मीही होते. डोंगराची कड काढताना एका मुलीच्या टाकातून टपकन काळा थेंब पडला आणि ती रडायलाच लागली. शेजारणीनं पांढऱ्या शाईची बाटली पुढं केली. सर लांबूनच ओरडले, "झाकू नक्को! झाकलेलं जास्त दिसतं." मग उकिडवे बसून त्यांनी थेंबाला चार बारीक पाय काढले, दोन शिंगं काढली. डोंगराच्या कडेवर शेळी उभी राहिली. "चुकलेल्या रेघेला नोकरी लावायची, बेटा. घरी रिकामी बसली की त्रास देते."

निवृत्तीच्या वर्षी सरांनी एक गोष्ट मनावर घेतली. स्वतःच्या चित्रांचं प्रदर्शन. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची चित्रं भिंतीला टाचली, स्वतःचं एकही कधी लोकांसमोर लागलं नव्हतं. "जाता जाता एकदा चित्रकार म्हणवून घेऊ द्या," ते म्हणाले. हॉल ठरला. मकबऱ्याची, शहराच्या जुन्या दरवाज्यांची, बाजाराची चित्रं तयार होती. दारातून शिरल्यावर समोर येणारी मोठी भिंत तेवढी त्यांनी मोकळी ठेवली होती. तिथं एकच चेहरा लावायचा होता आणि तो त्यांना सापडत नव्हता.

तो सापडला आमच्या आईत. आई कन्नडच्या गाडीनं आली होती, शेतातल्या आल्याची पिशवी घेऊन थेट शाळेत. सर तिच्याकडं बघतच राहिले. आईच्या डाव्या गालावर गोंदलेले तीन हिरवे ठिपके आहेत.

"आक्का, हे कुणी काढलं?"

"जत्रंत गोंदणारी बसायची, तिनं. लई रडले होते म्या."

सर माझ्याकडं वळले. "बघा मॅडम, हा रंग कातडीवर नाही, कातडीच्या आत आहे. जलरंगाच्या बापाला जमायचं नाही हे." मग आईला म्हणाले, "एक दुपार माझ्यासमोर बसता का?"

"आन् काय करू बसून?" आई म्हणाली. "तुमी माझ्या तोंडाकडं बघनार, आन् म्या भिताडाकडं? नाय बा. असं रिकामं बसनं मला जमायचं नाय."

सरांना फोटोवरून चित्र काढणं आवडत नसे, पण इलाज नव्हता. मी गावी गेले तेव्हा फोन पुढं धरला की आई तोंड फिरवायची. शेवटी मी तिच्या शेजारी बसून पुढचा कॅमेरा लावला. स्क्रीनमध्ये स्वतःला बघून ती म्हणाली, "अगं बया, आरसा हाय का काय ह्यो?" आणि हसली. तेवढ्यात मी बटण दाबलं. त्यातला आईचा तेवढा चेहरा मोठा करून सरांना दिला.

सरांनी आधी कोऱ्या कागदावर फक्त तीन हिरवे ठिपके दिले आणि ते वाळू दिले. मग त्यांच्यावरून तपकिरी शाईचे पाण्यासारखे पातळ थर, एक वाळला की दुसरा. थर चढत गेले तसे ठिपके आत आत जात राहिले. सुरकुत्या टाकानं ओढल्या. चित्र पूर्ण झालं तेव्हा सगळा स्टाफ वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. माझी आई कागदावर हसत होती. मला तरी तसंच वाटलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आई आली. मी तिला चित्रकलेच्या वर्गात नेलं. ती चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. 

"सर, ही म्या नाय."

सरांचा चेहरा उतरला. "नीट बघा आक्का. नाक तुमचं, डोळे तुमचे."

"नाक माझंच हाय. पन ही गंगू हाय."

गंगू म्हणजे माझी मावशी. मी तिला पाहिलेली नाही. आई यमुना, ती गंगा, पाठोपाठच्या बहिणी. दोघी इतक्या सारख्या की आजी जेवायला एकीलाच दोनदा वाढायची. म्हणून आजीनं जत्रेत दोघींचे गाल गोंदून आणले. आईचा डावा, गंगूचा उजवा. गावानं त्या ठिपक्यांवरून दोघींना ओळखायचं. आणि सरांच्या चित्रात ठिपके उजव्या गालावर होते.

सरांनी एकदा आईकडं पाहिलं, एकदा चित्राकडं. माझ्याकडून फोन मागून घेतला. फोनचा पुढचा कॅमेरा आरशासारखा, आणि माझ्या फोनात फोटोही तसाच उलटा उतरायचा. आईचं डावं उजवीकडं गेलं होतं. ते सरांच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही.

सर पोरांच्या बाकावर बसले. "ठिपके सगळ्यात खाली आहेत, मॅडम. त्यांच्यावर अख्खा चेहरा बांधलाय. आता काय होणार?" मग उठले. "हे लावायचं नाही. भिंत रिकामी राहू दे. उद्या लोक म्हणतील, चित्रकार म्हणवतो आणि डावं-उजवं कळत नाही." चित्र काढून घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

परक्या पुरुषासमोर बसायला नको म्हणणाऱ्या आईनं त्यांचं मनगट धरलं. "हात लावू नगा तिला."

सर थांबले.

"तिचा एक बी फोटू नाय, सर. पहिल्या बाळंतपनात गेली. म्या आरशात बघते तवा मला तीच दिसती, ठिपके तिच्या बाजूला येत्यात ना. पन आरशासमोरून हटले की जाती." आईनं चित्राकडं बोट केलं. "ही जात नाय." मग पदरानं डोळे पुसून चित्राशीच बोलली, "म्हातारी झालीस की गं गंगू."

 सरांनी स्टूल ओढलं आणि ते म्हणाले, "बसा आक्का. गंगूबाई कशा होत्या ते सांगा." आणि आई बसली, त्यांच्यासमोर, चांगली दुपारभर. गंगू हसताना एक भुवई वर करायची, तिच्या वरच्या ओठावर वासराच्या शिंगाचा वण होता, असं कायबाय सांगत राहिली. सरांनी टाक घेऊन भुवई उचलली, वण काढला. शेवटी चित्राखाली नाव लिहिलं. आईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं, "गंगाबाई." तिनं ते दोनदा वाचायला लावलं.

प्रदर्शनात मोठ्या भिंतीवर तेच चित्र होतं. उद्घाटनाला आलेले अध्यक्ष बोलायला उभे राहिले, "आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर काझी..." पुढच्या रांगेतून आईचा आवाज आला, "मास्तर नाय, चितारी हायत ते!" लोक हसले. सरांनी मान खाली घातली, पण कान लाल झालेले मला दिसले. त्या दिवशी जो येई तो विचारी, ह्या बाई कोण? सर सांगत, "मॅडमच्या मावशी. मी त्यांना कधी पाहिलं नाही." आणि हे सांगताना त्यांना कसलीही लाज वाटत नव्हती, उलट छाती पुढं येत होती. प्रदर्शन संपल्यावर चित्र त्यांनी स्वतः जीपमधून पिशोरला आणलं आणि आईनं दाखवलेल्या जागी स्वतः खिळा ठोकला.

सर गेले तेव्हा मी गावी होते. आधीच्या आठवड्यात फोनवर बोललो होतो, त्यांना धाप लागत होती, तरी माझ्या मराठीत चूक काढून झाली होती. बातमीचा फोन ठेवून मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, ते सूप बाजूला सारून उठली. मला वाटलं रडायला उठली. ती चित्रासमोर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळू आवाजात म्हणाली, "गंगू, अगं, तुला म्हातारी केली ते सर गेले."